साडूंचा समुद्र

कोल्हापुरात राहून समुद्राची काळजी वाहणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. कोल्हापूरकराला वेड कशाचं असावं याचे काही रुळलेले रस्ते आहेत. कुणी कुस्तीपायी घरदार विसरतो, कुणी फुटबॉलपायी सख्ख्या शेजाऱ्याशी बोलणं टाकतो, कुणी पाडव्याला म्हैस अशी नटवतो की घरातल्या लेकी-सुनांनी तोंडात बोट घालावं. ही वेडं आम्हाला समजतात, कारण ती जमिनीवरची आहेत. साडूंचं वेड मात्र घाट उतरून, किनारा ओलांडून, जिथं जमीन दिसेनाशी होते तिथं जाऊन बसलं आहे. तिथं वर्षानुवर्षं उडणारी, मासे खाणारी आणि कोल्हापूर नावाचं गाव आहे याची सुतराम कल्पना नसलेली जी पाखरं आहेत, त्यांच्या तब्येतीची चिंता लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात बसून हा माणूस करतो.

आमची पहिली भेट माझ्या लग्नाच्या सुपारीत झाली. बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या आक्का, त्यांना आधीच दिल्या होत्या; त्यामुळे ते त्या घरचे मुरलेले जावई आणि मी नवशिका. गाव आमचं नेसरी. साडूंनी मला बाजूला घेतलं. आता हुंड्या-मानपानाचं काहीतरी काढणार, म्हणून मी छातीत श्वास भरून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "तुमच्या नेसरीकडं पावसाळ्यात वारं कुठनं येतंय?" मी चाचरत म्हणालो, चंदगडच्या बाजूनं, पश्चिमेकडून. ते खूश झाले. म्हणाले, "मग मेलेली पाखरं सापडत असतील की. काळी-पांढरी, चोच टोकदार?" हा प्रश्न नेमका माझ्या आईच्या कानावर पडला. सुपारीच्या दिवशी मेल्या पाखराची चौकशी करणाऱ्या घरात मुलगा द्यावा की नाही, यावर आमच्याकडे पुढे बरीच चर्चा झाली. लग्न झालं ते आक्कांच्या शब्दावर. "माणूस वाईट न्हाय," त्या आईला म्हणाल्या, "फक्त वारं सुटलं की हाताला लागत न्हाय."

साडूंचं दुकान ताडपत्री, रेनकोट आणि छत्र्यांचं आहे. हा धंदा असा, की मृगापासून श्रावणापर्यंत गिऱ्हाईक दारात मावत नाही आणि उरलेलं वर्ष माशा माराव्यात. पण समुद्रातली पाखरं वादळात सापडून घाटावर फेकली जातात तीही नेमकी याच दिवसांत. त्यामुळे सारं कोल्हापूर रेनकोट घ्यायला निघतं तेव्हा साडू स्वतःचा रेनकोट घालून कळंब्याच्या नाहीतर रंकाळ्याच्या काठाकाठानं फिरत असतात, आणि दुकानात आक्का घसा कोरडा करत असतात. दुकानात असले तरी त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे नसतं, बाहेरच्या वाऱ्याकडे असतं. ताडपत्री कशी आहे असं कुणी विचारलं की ते तिच्यावर तांब्याभर पाणी ओततात, थेंब घरंगळत जाताना दाखवतात, आणि मग ताडपत्री बाजूलाच राहते. "ह्ये काईच न्हाय," असं म्हणून ते पिसांवर येतात. पिसाचे तंतू एकमेकांत कसे बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, पाखरू चोचीनं ते आकडे रोज कसं नीट बसवतं, आणि त्या विणीतून पाणी आत का जात नाही, हे ऐकून झाल्यावर गिऱ्हाइकाला हातातली ताडपत्री अगदीच गचाळ वाटायला लागते. पुष्कळ लोक न घेताच जातात.

हे वेड त्यांना लागलं कसं, हे मी आक्कांकडून ऐकलं. साडू स्वतः ते सांगत नाहीत. आक्कांशी लग्न व्हायच्या आधीच्या एका आषाढात भर पावसात त्यांच्या दुकानापुढच्या ताडपत्रीवर एक पाखरू येऊन आदळलं. कुणीच असलं पाखरू पाहिलं नव्हतं. चोचीवरून आणि पायाच्या पडद्यावरून पाण्यातलं असणार, असं सर्वांचं ठरलं. पाण्यातलं आहे तर पाण्यात सोडा, असा निकाल गल्लीनं दिला, आणि साडूंनी मोठ्या मायेनं त्याला घरामागच्या हौदात सोडलं. ते बघता बघता भिजलं आणि सगळ्यांच्या देखत बुडून मेलं. साडू ते मेलेलं पाखरू पिशवीत घालून कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं, की ही सुरय पक्ष्याची समुद्रावरची जात, पाठीला काजळासारखी काळी आणि पोटाला पांढरी. हे पाखरू पाण्यावर बसतच नाही. पिल्लू एकदा घरट्यातून उडालं की कित्येक वर्षं जमिनीला पाय लावत नाही, उडता उडताच डुलकी काढतं. समुद्राचं पाखरू हौदात बुडून मेलं म्हणून गल्ली पुढे महिनाभर हसली. साडू हसले नाहीत. जे जीव वर्षानुवर्षं खाली उतरत नाहीत त्यातला एक आपल्या दारात उतरला आणि आपण त्याला बुडवून मारला, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतली ती रुतलीच. त्यानंतर अशी पाखरं त्यांच्या हाती पुन्हा आली, पण कुठलं मेलेलंच आलं, कुठलं वाटेत गेलं, कुठलं दोन दिवस काढून गेलं. एक तरी जिवंत परत जावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यापायी त्यांनी पुस्तकं मागवली, जाणत्यांना फोन करकरून भंडावलं, आणि समुद्रपक्ष्यांविषयी जे जे कळलं ते ते आम्हा नातेवाइकांना ऐकवलं. आमच्यावर झालेला हा ज्ञानाचा मारा त्या पाखरांवरच्या वादळापेक्षा कमी नव्हता.

त्यांना जेवायला बोलावणं हे धाडसाचं काम आहे. कालवणात मीठ जास्त झालं, तर दुसरा पाहुणा पाणी मागेल. साडू म्हणतात, "समुद्राच्या पाखराला चाललं असतं. त्येच्या डोळ्याच्या वर मीठ गाळायची गाठ असती, जादाचं मीठ नाकावाटे भाईर टाकतंय. आपल्याला ती सोय न्हाय." एवढं बोलून ते पुढच्या घासाला लागतात, आणि बाकीच्या पंगतीला आपापल्या नाकाची शंका येत राहते. एका लग्नात तांबड्या रश्श्यातली तंगडी उचलून ते चष्म्याजवळ धरून फिरवत होते. आचारी घाबरून धावत आला. शास्त्रज्ञ पाखरांच्या पायात नंबराची कडी घालतात, तिच्यावरून पाखरू कुठलं, किती वर्षांचं हे समजतं, म्हणून पाखराचा पाय दिसला की आधी कडी बघायची हाताला सवय लागली आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. आचाऱ्यानं पुन्हा पुन्हा शपथ घेऊन सांगितलं, की कोंबडी कोडोलीची आहे.

माझा पुतण्या मित्रांबरोबर मालवणला निघाला, तेव्हा साडूंनी त्याची बॅग उघडायला लावली. बॅगेत ते उंदीर शोधत होते. ही पाखरं लांबच्या बेटांवर उघड्या जमिनीवर अंडं घालतात, तेही एका वेळी एकच. बेटाला एखादी होडी लागली आणि तिच्यातून उंदरांची एक जोडी उतरली, की अंडी-पिल्लं साफ होतात आणि हजारांची वस्ती असलेलं बेट उजाड पडतं. म्हणून जगात जिथं जिथं ही पाखरं वाचली, तिथं आधी माणसांनी बेटावरचे उंदीर काढले आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, आमी किल्ला बघून हॉटेलात जेवणार हाय." साडू म्हणाले, "उंदराला ठावं असतंय व्हय, तू कुठं निघालायस ते?" आणि त्यांनी बॅगेचे बाहेरचे कप्पेही बघितले. एवढ्या दक्ष माणसाच्या स्वतःच्या दुकानात मात्र उंदरांनी ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यात पिढ्यान्‌पिढ्या संसार केले. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, हे काही बेट नव्हे.

यातली खरी गंमत अशी, की साडूंना समुद्र सोसत नाही. म्हणजे समुद्र सोसेलही, पण त्याच्या आणि त्यांच्या मध्ये घाट आहे आणि घाटात त्यांना गाडी लागते. घाट कुठलाही असो, दुसऱ्या वळणावर त्यांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा होतो आणि चौथ्या वळणावर गाडी थांबवावी लागते. त्यामुळे आयुष्यात ते समुद्रावर गेले ते मोजक्या वेळा, आणि तिथं पोचल्यावर अंथरुणाला लागले. म्हणून त्यांनी वेगळी युक्ती काढली. चंदगड, आजरा, गगनबावड्याच्या वाटेवरच्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांशी त्यांनी दोस्ती केली. आमच्याकडे एसटीतून डबे जातात, औषधं येतात, आंब्याच्या पेट्या येतात. साडूंनी त्यात पाखरांची भर घातली. वादळ होऊन गेलं आणि रस्त्याकडेला, शेतात, शाळेच्या आवारात अनोळखी पाखरू पडलेलं दिसलं, की पाण्यात सोडायचं नाही, काही भरवायचं नाही, भोकं पाडलेल्या खोक्यात घालून अंधार करायचा आणि मला फोन करायचा, एवढं त्यांनी प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. बऱ्याच कंडक्टरांनी त्यांना कावळे, बगळे आणि एकदा एक चिडलेला मोर कळवला. साडू प्रत्येकाचे आभार मानत.

मागच्याच्या मागच्या वर्षी आषाढात असंच वारं सुटलं. चंदगडला तर पाऊस माणसाला उभं राहू देत नव्हता. दुपारी साडूंचा मला फोन आला. "पावणं, गाडी काढा. स्टँडवर जायाचंय." मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "आलंय," आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज ऐकून मी चहा अर्धा टाकून निघालो. चंदगडची गाडी आली तेव्हा तिच्या पायरीवर कंडक्टर खोकं छातीशी धरून उभे होते. काजूच्या खळ्यावर एका बाईला ते पाखरू सापडलं होतं. "कुणाला बगू दिलं न्हाय," कंडक्टर म्हणाले. "गडहिंग्लजला एकजण म्हनला, कोंबडी हाय काय? त्येला सांगितलं, सरकारी सामान हाय." साडूंनी खोक्याच्या भोकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. आत काजळी पाठीचं, पांढऱ्या पोटाचं, मूठभर हाडांचं ते पाखरू डोळे मिटून बसलं होतं. त्याचा श्वास चालू होता.

साडूंनी वाटेतच वनखात्याला कळवलं, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोडतोड काही नाही, नुसता दम संपलाय आणि अंगातलं पाणी आटलंय. ऊब द्या, औषधाचं पाणी द्या, आणि अजिबात त्रास देऊ नका. वनखात्यानंही बरं होईतो तिथंच ठेवा म्हणून सांगितलं. ऊब आणि औषध सोपं होतं. त्रास न देणं कोल्हापुरात अवघड. साडूंच्या गल्लीत एखाद्याला साधा ताप आला तरी निम्मी गल्ली उशाशी येऊन बसते. समुद्राचं पाखरू आलंय म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. एकानं पांढरा रस्सा पाजायचं सुचवलं, एकानं रंकाळ्यात सोडायचं, एका आजीनं दृष्ट काढायचं. साडू दारात आडवे उभे राहून दबक्या आवाजात सर्वांना परतवत होते. पण पाखराला मासे हवे होते, मांदेली हवी होती, आणि बाजारात जाऊन एकेक पारखून आणणारं दुसरं कुणी त्यांना विश्वासाचं वाटेना. आक्का दुकानात होत्या. तेव्हा त्यांनी शेजारच्या तालमीच्या वस्तादांना दारात बसवलं.

वस्ताद ऐंशीच्या घरातले. तालमीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. निखळलेले खांदे बसवण्यात आणि दमल्या-भागल्या अंगाला मालीश करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ते दारात बसले की आत मुंगी जाणार नाही, हे साडूंचं गणित बरोबर होतं. आत वस्तादच जातील, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मी साडूंबरोबर बाजारातून परतलो, तेव्हा वस्ताद खोक्याशेजारी मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात तेलाची वाटी होती. पाखरू त्यांच्या तळव्यावर होतं. डोक्यापासून शेपटीपर्यंत ते असं लखलखत होतं, की आता शड्डू ठोकून मैदानात उतरेल. वस्ताद समाधानानं म्हणाले, "लई दमलंवतं बिचारं. पंखाच्या सांद्यात वात धरलावता. मोकळा केला. तिळाचं त्याल हाय, घाण्याचं. आता निवांत निजंल."

मी साडूंकडे बघितलं. ते मांदेलीची पिशवी घेऊन तसेच खाली बसले. माझ्या लक्षात आलं, की आता हा माणूस ओरडला तरी ते रास्त आहे. पण वस्तादांनी याच हातांनी त्यांच्या वडलांची पाठ चोळली होती, त्यांच्या पोराच्या मनगटाचा सांधा बसवला होता. साडू म्हणाले, "लई उपकार झाले, वस्ताद." त्यांनी पाखरू हलक्या हातानं फडक्यात घेतलं, परत खोक्यात ठेवलं, वस्तादांना दारापर्यंत पोचवलं आणि मग परसात जाऊन त्या जुन्या हौदाच्या कट्ट्यावर बसले. मीही शेजारी बसलो. त्यांनी सांगितलं, की पिसाला तेल लागलं की सगळे आकडे सुटतात. वीण ढासळते. मग ना ऊब राहते, ना उडता येतं, आणि चोचीनं साफ करायला जावं तर तेल पोटात जातं. "समुद्रात जहाज फुटून त्याल सांडतंय तवा हजारो पाखरं अशीच मरत्यात," ते म्हणाले. "आनि माझ्या घरात ना समुद्र, ना जहाज. पावणं, एक तरी जाईल म्हनून बसलोवतो मी." त्यांचे डोळे भरले होते. चेष्टेचे शंभर प्रसंग या माणसानं मला दिले आहेत, पण त्या वेळी मला चेष्टा सुचली नाही.

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. किनाऱ्यावर असलं काम केलेल्या एका जाणकार बाईंनी धीर दिला. तेल धुता येतं, पण आज नाही. दमलेलं पाखरू धुतलं तर धक्क्यानंच जाईल. आधी उबेत ठेवा, पाणी पाजा, मासे अंगी लागू द्या, मग धुवा. भांडी घासायचा पातळ साबण, कोमट पाणी, आणि साबणाचा अंशही उरता कामा नये. साबण राहिला तर तेल परवडलं म्हणायची पाळी येते. साडूंनी मांदेली एकेक करून भरवली, डोकं आधी, म्हणजे खवला घशात अडकत नाही. घरच्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी मासे राहू लागले आणि आम्हाला त्या घरचा चहा वेंगुर्ल्याचा वाटू लागला. एके दिवशी खोकं उघडताच पाखरानं साडूंच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली. ते रक्त बघून साडू इतके हरखले, की आक्कांना वाटलं, ह्यांनाच काहीतरी झालं. अंगात राग भरण्याइतकी ताकद आली म्हणजे धुवायची वेळ आली, असं त्यांनी जाहीर केलं.

धुवायला मात्र त्यांचा हात पुढे होईना. तेव्हा आक्का पुढे झाल्या. आजवर त्यांनी या पाखरांना कधी सवतीपेक्षा जास्त माया लावली नव्हती. "सरका," त्या म्हणाल्या. परसात पाट मांडून, पदर खोचून, पाय लांब करून त्या बसल्या, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायला बायका बसतात तशा, आणि दोन्ही पायांच्या खाचेत त्यांनी ते पाखरू घेतलं. पाण्यात कोपर बुडवून त्यांनी ऊन-थंड बघितलं. साडू शेजारी उकिडवे बसून सूचना देत होते. "पिसाच्या उलट न्हाय. डोळ्याला जपून. चोळायचं न्हाय, नुसतं पाणी फिरवायचं." आक्का म्हणाल्या, "दोन पोरं न्हाऊन वाढवली मी. तुमी त्या वक्ताला रंकाळ्यावर होता." साडू पाणी बदलत राहिले, सारखे बदलत राहिले.

इतक्यात मागच्या दारातून वस्ताद आत आले. साबणाचं पाणी, आक्कांच्या पायांवरचं पाखरू आणि रश्श्यावरच्या तवंगासारखं घंगाळात तरंगणारं तेल त्यांनी बघितलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही पडली नाही. कुस्ती हरलेल्या पैलवानासारखे ते खांबाला टेकले. "माजं चुकलं न्हवं?" त्यांनी विचारलं. साडूंनी वर न बघता उत्तर दिलं, "त्याल चांगलं हुतं, वस्ताद. गडी येगळा हुता." वस्ताद पुढे येऊन खाली बसले आणि आपल्या त्या जाडजूड बोटांच्या चिमटीत त्यांनी पाखराचा एक पंख इतक्या अलगद उचलून धरला, की आक्कांना खालून पाणी सोडता यावं. शेवटच्या पाण्यावर तेलाचा डाग दिसेना, तेव्हा आक्कांनी दोन्ही हातांनी पाखराची दृष्ट काढून बोटं मोडली. साडूंनी विज्ञानाच्या नावानं यालाही हरकत घेतली नाही.

पुढचे दिवस पाखराचे होते. ते चोचीनं एकेक पीस ओढून, फिरवून, बसवून घेत राहिलं, आणि साडू दाराच्या फटीतून बघत राहिले. मग एका सकाळी त्यांनी दुकानात ताडपत्रीवर ओततात तसा, पण तांब्याऐवजी चार बोटांनी, पाण्याचा हबका त्याच्या पाठीवर मारला. थेंब गोल होऊन घरंगळले आणि पाठ कोरडी राहिली. साडूंनी मला बोलावून तो हबका पुन्हा मारून दाखवला. वस्ताद आले, त्यांनाही दाखवला. शेवटी पाखरू ओरडलं तेव्हा थांबले.

वनखात्याचा होकार आला. पावसानं उघडीप दिल्याचं वेंगुर्ल्याहून कळलं, आणि आम्ही पहाटे निघालो. मी गाडी चालवत होतो, शेजारी आक्का, मागे साडू आणि वस्ताद. आंबोलीचा घाट सुरू झाला आणि दुसऱ्या वळणावर साडू दुधी झाले. मी गाडी थांबवायला गेलो तर म्हणाले, "थांबू नगा. पाखराला ताप." त्यांनी खोकं वस्तादांच्या मांडीवर दिलं, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि आख्खा घाट तसाच उतरला. सावंतवाडीला त्यांच्या अंगात जीव नव्हता. खोक्यातून मात्र पाय आपटल्याचा आवाज येत होता. "त्येला गाडी लागत न्हाय," वस्ताद कौतुकानं म्हणाले. साडू क्षीण आवाजात म्हणाले, "वादळात झोपतंय ते."

किनाऱ्यावर वनखात्याचे एक गृहस्थ वाट बघत होते. आभाळ खाली आलं होतं, समुद्र गढूळ होता आणि समोरून बऱ्यापैकी वारं होतं. साडूंनी ओल्या वाळूवर खोकं ठेवलं, वाऱ्याकडे तोंड करून, आणि झाकण उघडलं. पाखरू बाहेर आलं आणि बसून राहिलं. चालायला त्याला धड येत नव्हतं. त्यानं मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. साडू वाळूत गुडघ्यावर बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. वाऱ्याचा एक झोत आला, पाखरानं नुसते पंख उघडले आणि वाऱ्यानं त्याला उचललं. एक गिरकी आमच्या डोक्यावरून घेतली, खाली लाटांवर आलं, आणि मग आत, सरळ आत जात राहिलं. काळा ठिपका दिसेनासा झाला तरी आम्ही चौघं तिकडेच बघत होतो. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. वस्तादांनी हात जोडले होते.

"आता परत कवा दिसंल?" वस्तादांनी विचारलं.

"दिसू ने, वस्ताद," साडू म्हणाले. "धडधाकट असलं तर आपल्या नजरंला पडतच न्हाय ते. दिसलं तर समजायचं, त्येचं काय खरं न्हाय." हे ते अगदी सहज म्हणाले, पण म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं. वाळू झाडून ते उठले आणि रिकामं खोकं उचलून गाडीकडे चालू लागले.

यंदाही आषाढात चांगलंच वारं सुटलं होतं. मी छत्री दुरुस्त करायच्या निमित्तानं त्यांच्या दुकानात गेलो, तर दारात गिऱ्हाइकांची रांग आणि साडू चक्क गल्ल्यावर. गुडघे धरलेत, काठाकाठानं फिरणं आता होत नाही. तेवढ्यात चंदगडच्या कंडक्टरांचा फोन आला. पलीकडून ते मोठ्यानं सांगत होते, की सगळ्या वाटेला विचारलं, खळी पालथी घातली, कुठं काही पडलेलं नाही. "ब्येस झालं," साडू म्हणाले, "लई ब्येस झालं," आणि त्यांनी फोन खाली ठेवला. गल्ल्यामागे भोकं पाडलेलं एक कोरं खोकं होतं. त्यातलं आक्कांचं मऊ लुगडं त्यांनी काढलं, झटकलं, पुन्हा नीट घडी घालून आत ठेवलं. एक गिऱ्हाईक रेनकोटाचं माप विचारत होतं, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"पावणं," ते हळू आवाजात म्हणाले, "ते आत्ता उडत असंल न्हवं?"

सुपारीतला तो प्रश्न सोडला, तर इतक्या वर्षांत पाखरांविषयी त्यांनी मला काही विचारल्याची ही पहिलीच वेळ होती. मला त्यातलं काडीचंही कळत नाही. मी म्हणालो, "असणारच की."

त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला रेनकोट काढून दाखवायला लागले.